सल्ला हवा: काशाचं ताट, बजेट १५००, सोलापूर

भवानी_पेठ: पुढच्या महिन्यात आईची एकसष्टी आहे. तिला जेवायला काशाचं ताट हवंय. आजीचं होतं, ते गेल्या आठवड्यात माझ्याच हातून फरशीवर पडलं आणि काठापासून तडा गेला. बजेट १५००. खात्रीचं कुठे मिळेल? जुनं डाग देऊन जोडता येतं का?

कडक_भाकरी: १५०० विसरा. मी ताट, दोन वाट्या, तांब्या असा संच साडेचार हजाराला घेतला. पाहुणे आले की आधी ताट उचलून बघतात. घ्यायचं तर एकदाच घ्या.

विजापूर_रोड: लोहचुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर अस्सल.

टाळकरी_पंढरपूर: अहो, पितळही चिकटत नाही. कासं म्हणजे तांबं साधारण ७८ टक्के आणि कथील २२. पितळेत तांब्याबरोबर जस्त. पितळ पिवळंधमक दिसतं, कासं फिकट सोनेरी, जरा करडी झाक असलेलं. कथील एवढं असल्यामुळेच ते कडक होतं, आमच्या टाळांचा नाद लांबतो तोही त्यामुळेच. पण पडलं की पोचा येत नाही, थेट तडकतं. घडवतानाही लाल तापवून ठोकावं लागतं. ताट बोटांच्या टोकांवर तोला आणि काठाला टिचकी द्या. पितळेचा आवाज लगेच विझतो, काशाचा रेंगाळतो. डाग देऊ नका. नाद परत येत नाही, शिवाय डागाच्या धातूत शिसं असू शकतं.

गड्डा_यात्रा: घेतल्यावर कल्हई मात्र करून घ्या.

माहेर_बार्शी: काशाला कल्हई कशाला? ती तांब्या-पितळेला. फक्त ताक, चिंचेची आमटी त्यात ठेवू नका. काशात दहा दिवस ठेवलेलं तूप खाऊ नये असं आयुर्वेदातही आहे. आमच्या सासूबाई रोज रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासतात, गाढ झोप लागते त्यांना.

कडक_भाकरी: वाटी माझ्या संचातही आहे. एकदम जड.

विजापूर_रोड: मी चुंबक लावूनच घेतलं होतं. आत्ता टिचकी मारून पाहिली. टक् आवाज आला. दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी कासं म्हणून पितळ गळ्यात मारलं.

गड्डा_यात्रा: जुनं मोडीत द्या, वजनावर पैसे वळते होतील.

भवानी_पेठ: सगळ्यांचे आभार. आज मधल्या मारुतीजवळच्या बाजारात जाऊन आलो. जुनं ताट मोडीत द्यायचं म्हणून सकाळी चिंचेने घासलं, तर काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली. आजीचं माहेरचं नाव आणि १९५६. तडा बरोबर पाचाच्या आकड्यातून गेलाय. काट्यावर ठेवायला हात धजेना. ताट परत आणलं, नवीन घेतलंच नाही. टिचकी मारून एक वाटी घेतली, बजेटमध्ये बसली. आई म्हणाली, "आमटी वाटीत घेईन. भाकरी आणि शेंगाचटणी मात्र ह्याच ताटात वाढ."