२२ गुण, ८ रिबाउंड, ८ ब्लॉक, तरीही हार?

प्रश्न: २०२१ ची बास्केटबॉलची १९ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल, रिगा (लॅटव्हिया). अमेरिका ८३, फ्रान्स ८१. फ्रान्सच्या वेंबान्यामाचे आकडे वर दिलेत (रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं, ब्लॉक म्हणजे शॉट हाताने अडवणं), तरी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) अमेरिकेचा होल्मग्रेन! बॉक्स स्कोअर (सामन्यातल्या आकड्यांचा तक्ता) वाचायचा तरी कसा?

पिवळी_शिट्टी: आधी फाउलचा रकाना बघा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघ) नियमांत पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, अमेरिकेतल्या एनबीए लीगसारखे सहा मिळत नाहीत. वेंबान्यामा चौथ्या क्वार्टरमध्ये असाच गेला. अमेरिकेच्या लॉफ्टनसारखा जड खेळाडू पाठ लावून आत रेटतो, तेव्हा उंच पण सडपातळ बचावपटूचे हात खाली येतात आणि शिट्टी वाजते. आणि एमव्हीपी अख्ख्या स्पर्धेचा असतो हो, एका सामन्याचा नाही.

कोपऱ्यातला_थ्री: ब्लॉकला भुलू नका. चेंडू बाहेर गेला तर तो पुन्हा हल्ला करणाऱ्यांचाच, फक्त शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायची मुदत मोजणारं घड्याळ) उरलेल्या सेकंदांत खेळायचं. ब्लॉकनंतर रिबाउंड कुणाचा, ते मोजा.

प्रश्नकर्ता: मग एफिशियन्सी (खेळाडूच्या कामगिरीचा एकच आकडा) कशी काढतात?

कोपऱ्यातला_थ्री: गुण, रिबाउंड, असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक यांची बेरीज, त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (गमावलेला चेंडू) वजा. फाउल त्यात येतच नाहीत, गोची तिथेच. संघासाठी पझेशन (चेंडू ताब्यात आल्याच्या खेपा) काढा: घेतलेले शॉट + ०.४४ × घेतलेले फ्री थ्रो − आक्रमक रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या शॉटचे) + टर्नओव्हर. गुणांना त्याने भागा. दोन गुणांचा सामना एखाद्या जास्तीच्या पझेशनवरही फिरतो.