अहवाल शेवटच्या दिवशी का?

"कॅगचा अहवाल म्हणजे दोन दिवसांची बातमी, पुढे काहीच होत नाही" असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कॅग म्हणजे सरकारी खर्चाची तपासणी करणारे महालेखापरीक्षक. पुढचं काम लोकलेखा समितीचं, म्हणजे हे अहवाल तपासणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या समितीचं. संसदेच्या समितीत लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 सदस्य असतात, मंत्र्यांना तिथे जागा नाही, आणि 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. मंजुरीपेक्षा जास्त खर्च का झाला, याचं उत्तर सचिवांना तिथे समोर बसून द्यावं लागतं. आपल्या विधिमंडळातही अशीच समिती आहे.

खरी अडचण वेळेची. इथे नागपुरात हिवाळी अधिवेशन आम्ही जवळून बघतो. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये, कॅगच्या हाताखालच्या महालेखाकारांचं कार्यालयही तिथेच. तरी अहवाल अनेकदा अगदी शेवटच्या दिवशी पटलावर येतो आणि चर्चेला वेळच उरत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 151 कॅगचा अहवाल सभागृहापुढे ठेवायला सांगतो, पण किती दिवसांत, ते सांगत नाही. ही फट मला फार सलते. विदर्भातल्या गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाच्या खर्चाचा मूळ अंदाज 372 कोटींचा होता, तो पुढे 18 हजार कोटींवर गेला! अशा प्रकल्पांचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात यावेत, अशी मागणी आपण आपापल्या आमदारांकडे लेखी करायला हवी.