पडद्यामागे उगाच फासे टाकणं बंद करा

कंदीलवाला

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (टेबलभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ) 'खेळाडूंना कायम धास्तीत कसं ठेवावं' हा शेजारचा धागा वाचला. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा. त्यातले सल्ले थोडक्यात असे: तुम्ही डीएम (खेळ चालवणारा) असाल तर स्क्रीनमागे, म्हणजे फासे लपवणाऱ्या पडद्यामागे, कारण नसताना अधूनमधून डी२० (वीस बाजूंचा फासा) टाका, आकडा बघून नुसती मान हलवा. कोणी दार उघडतो म्हणालं की 'नक्की?' विचारा. एकाला कोरी चिठ्ठी द्या. मार्चिंग ऑर्डर (कोण पुढे, कोण मागे चालणार) विचारून घ्या आणि पुढे काहीच होऊ देऊ नका. खाली +१ चा पाऊस.

मला हे मुळातच पटत नाही. खेळाडूला डंजन (धोक्यांनी भरलेलं भुयार) दिसत नाही, डीएम जे बोलेल तेवढंच त्याच्या हाती असतं. तुमचा 'नक्की?' हा त्याच्यासाठी, समजा, दोर झिजलाय हे कळायचा एकमेव मार्ग असतो. तो खोटा वापरलात की ज्या दिवशी दोर खरंच झिजलेला असेल, त्या दिवशी ते सांगायला तुमच्याकडे शब्दच उरत नाही.

दुसरं, वेळ. धसका घेतलेली पार्टी (पात्रांची टोळी) प्रत्येक दाराशी तेच करते: कान लावा, बिजागरी बघा, काठीने ढोसा, डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखण्याचा मंत्र) रिच्युअल म्हणून, सावकाश विधी करून टाका. टेबलवरची पाच मिनिटं गेली. वीस दारं असतील तर १०० मिनिटं, चार तासांच्या सेशनमधली २४०पैकी. आणि त्यातल्या अठरा दारांमागे काहीच नसतं.

तिसरं, या संशयाला किंमतच नसते. १९८१च्या बेसिकमध्ये (याच खेळाची जुनी आवृत्ती) ती होती. दहा बाय दहा फुटांचा तुकडा शोधायला एक टर्न, म्हणजे दहा मिनिटं. तीस बाय तीसची खोली एकट्याने पिंजून काढायची तर नऊ टर्न. टॉर्च (मशाल) सहा टर्न टिकतो, म्हणजे दीड टॉर्च संपला. दर दोन टर्नला भटका राक्षस येतो का याचा रोल (फासा टाकणं), शक्यता सहात एक. चार रोल होतात, त्यात एकदा तरी काहीतरी येण्याची शक्यता जवळपास ५२ टक्के. इथे खेळाडू खरा घाबरतो, कारण शोधलं तरी धोका आणि नाही शोधलं तरी धोका. डीएमला भुवई उंचावायची गरजच पडत नाही.

फाशांचा_आवाज

पूर्ण असहमत. त्या धाग्यावर +१ देणाऱ्यांत मी आहे, त्यामुळे उत्तर देतो.

खोटा रोल घाबरवण्यासाठी नसतोच, खरा रोल लपवण्यासाठी असतो. डीएम फक्त काही असेल तेव्हाच फासा टाकणार असेल तर फाशाचा आवाज हीच बातमी झाली. स्टेल्थचा (कोणी लपतछपत येतंय का याचा) रोल पडला की सगळे शस्त्रं काढणार. पात्राला काही ऐकू आलेलं नाही, खेळाडूला आलंय. मग वेषांतर केलेला मारेकरी गर्दीतून येणार कसा? दर दहा-पंधरा मिनिटांनी एक रोल पडत राहिला की त्या आवाजाला अर्थ उरत नाही. पहिल्या सेशनला दचकतात, तिसऱ्याला कोणी मान वर करत नाही. मला तेच हवं असतं.

तुमचा १०० मिनिटांचा हिशोब चुकीच्या माणसाच्या नावावर मांडलाय. पार्टी दारं तपासते ती ट्रॅपने (सापळ्याने) मार खाल्ला म्हणून, माझ्या फाशामुळे नाही. १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळाचं राक्षसांचं पुस्तक) दाराला कान लावणाऱ्याच्या कानात शिरणारा किडा होता, इअर सीकर. खेळाडूंनी काय केलं? जाळी लावलेले कर्णे घेतले. तिथे खोटा रोल कुठे होता?

कंदीलवाला

इअर सीकरचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. ऐकणं ही शहाणपणाची कृती होती आणि तिलाच शिक्षा झाली. कर्णा घेतल्याने कोणी जास्त विचार करायला लागलं नाही, कर्मकांडात एक पायरी वाढली इतकंच.

आवाज लपवायचाय ना? मग सेशनच्या आधी प्रत्येकाकडून दहा डी२० टाकून घ्या, कागदावर पात्रागणिक लिहा आणि लागेल तसा एकेक खोडा. पडद्यामागे शांतता. एक अडचण येते: ज्याने यादीत १ टाकलाय तो सेशनभर त्याचीच वाट बघत बसतो. म्हणून आकडे ओळीने वापरायचे नाहीत, आधीच उलटसुलट करून लिहायचे. ऑनलाइन खेळत असाल तर फाउंड्री या सॉफ्टवेअरमध्ये ब्लाइंड रोल आहेच: फासा खेळाडूच टाकतो, आकडा फक्त डीएमला दिसतो.

जुना_थीफ

एवढा खटाटोप कशाला? पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता पात्राच्या नजरेसाठी धरलेला ठरावीक आकडा) कशासाठी आहे? २०१४च्या (पाचव्या आवृत्तीच्या) नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलंय की डीएमला फासा न टाकता गुपचूप निकाल ठरवायचा असेल तर पॅसिव्ह वापरा. विषय संपला.

हिशेबनीस

विषय इथेच सुरू होतो. अवांतर आहे, पण हे मला कुठेतरी लिहायचंच होतं.

पॅसिव्ह पर्सेप्शन ही फसवणूक आहे. पाचव्या लेव्हलची क्लेरिक (पुजारीण पात्र) घ्या, विज्डम (जाण) १६ म्हणजे +३, पर्सेप्शनमध्ये प्रोफिशियन्सी (सराव) म्हणजे आणखी +३, मूळ आकडा १०. १० + ३ + ३ = १६. हा आकडा डीएमच्या वहीत लिहिलेला असतो आणि ट्रॅपचा डीसी (तो दिसायला गाठावा लागणारा आकडा) ठरवतो तोही डीएमच. डीसी १५ लिहिला तेव्हाच तिला तो दिसला, १७ लिहिला तेव्हाच हुकला. यात खेळ कुठे झाला? वर २०१४ची ऑब्झर्व्हंट फीट (पात्राने निवडायचं जादा कौशल्य) घेतली की ५ वाढून २१. मग डीएम चिडून डीसी २२ करतो आणि खेळाडूने एक फीट वाया घालवलेली असते. २०२४च्या आवृत्तीत तो +५ काढून टाकला, हे बरं केलं.

उपाय: ट्रॅपने रोल करायचा. डीसी वजा १० हा ट्रॅपचा बोनस, रोल पॅसिव्हच्या वर गेला तर ट्रॅप लपला.

फाशांचा_आवाज

वजा १० नाही, वजा ११. डीसी १५ आणि बोनस +६ असेल तर खेळाडूने स्वतः रोल केल्यावर ९ किंवा जास्त लागतं, म्हणजे ६० टक्के. तुमच्या पद्धतीने डी२० + ५ सोळाच्या वर जायला १२ लागतात, म्हणजे ट्रॅप ४५ टक्के वेळा लपणार आणि ५५ टक्के वेळा दिसणार. ५ टक्के हवेत गेले. वजा ११ केलं की बरोबर साठ येतात. आणि बघा, फिरून तुम्ही पडद्यामागच्या रोलवरच आलात.

हिशेबनीस

वजा ११ मान्य. बरोबरीचा निकाल ट्रॅपला द्यायचा की पात्राला, हा तो फरक. पण माझा रोल खरा असतो, त्याच्यामागे ट्रॅप असतो.

जुना_थीफ

पाच टक्क्यांवरून भांडताय आणि दोघंही पंचवीस टक्के विसरलात. उजेड! मंद उजेडात डोळ्यांनी बघायच्या पर्सेप्शनला डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा, आणि पॅसिव्हमध्ये सरळ ५ वजा. डार्कव्हिजनने (अंधारात बघण्याची शक्ती) काळोख 'मंद उजेड' होतो, दिवस होत नाही. ती असलेले एल्फ आणि ड्वार्फ टॉर्च विझवून ऐटीत चालतात, तेव्हा तुमच्या क्लेरिकचा १६ हा ११ झालेला असतो. बहुतेक टेबलांवर हा नियम कोणी लावतच नाही आणि मग रडायचं की पॅसिव्ह निकामी आहे. नियम आधी पूर्ण वाचा, मग फसवणूक म्हणा.

हिशेबनीस

नियम वाचलाय. वजा ५ लावल्याने माझा मुद्दा बदलत नाही, डीसी लिहिणारा माणूस तोच राहतो. आणि हा वडीलधारा सूर इथे चालवून घेणार नाही.

जुना_थीफ

सूर सोडा, उत्तर द्या. टॉर्च पेटवला तर ट्रॅप दिसतो पण तुम्ही सगळ्यांना दिसता. विझवला तर लपता पण पॅसिव्ह पाचने पडतं. हा निर्णय खेळाडूचा आहे, डीएमचा नाही. मूळ धाग्यात हवी होती ती धास्ती हीच.

कंदीलवाला

हे शंभर टक्के. मात्र त्यासाठी डीएमने ते उघड सांगायला हवं: 'टॉर्चशिवाय चाललात तर जमिनीवरचं बारीक काही दिसणार नाही.' लपवून वजा ५ लावला तर पुन्हा तेच, खेळाडूला कारण न कळता मार.

पावसाळी_ड्रुइड

मूळ विषयावर येते. चिठ्ठ्यांना सरसकट झोडपू नका. डॉपलगँगरचं (दुसऱ्याचं रूप घेणारा राक्षस) कथानक चिठ्ठीशिवाय चालवून दाखवा. एकालाच चिठ्ठी दिली की बाकीचे चौघं ताबडतोब त्याच्याकडे बघतात. म्हणून सगळ्यांना द्यायची, आणि प्रत्येकीत खरा मजकूर. ड्रुइडला: 'तुझ्या मागे चालणाऱ्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत नाही, कालचा पाऊस सगळ्यांवर पडला होता.' फायटरला: 'रात्री पहाऱ्याच्या वेळी कोणीतरी उठून पुन्हा झोपलं.' विझार्डला: 'तुझ्या वहीची फीत उलट बांधली आहे.' उरलेल्या दोन ज्याच्या त्याच्या. सगळ्या चिठ्ठ्या साधारण एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर वाचायला लागणाऱ्या वेळावरून कळतं. आणि अशी फेरी सेशनमध्ये एकदाच. तिसऱ्या फेरीला लोक वाचून बाजूला ठेवतात.

खरा कोण हे ओळखायला परवलीचा शब्द ठरवणाऱ्यांसाठी: पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकातला डॉपलगँगर ६० फुटांवरून वरवरचे विचार वाचतो. तुम्ही शब्द विचारलात त्या क्षणी तो तुमच्याच मनात असतो. झोन ऑफ ट्रुथमध्ये (खोटं बोलू न देणारा मंत्र) तो टाकणाऱ्याला समोरच्याचा सेव्ह (मंत्र टाळण्याचा रोल) फसला की नाही ते कळतं, पण समोरचा बोलणं टाळू शकतो. मूनबीम हा मंत्र टाकलात तर सेव्ह फसल्यावर मूळ रूप बाहेर येतं, फक्त तोवर ज्याच्यावर संशय होता त्यालाही भाजलेलं असतं. पार्टीने हे सगळं एकमेकांत भांडून ठरवावं, त्याच्यासारखं सेशन नाही.

फाशांचा_आवाज

हे मी पहिल्यापासून वेगळ्या शब्दांत सांगतोय. आवाजात खरी गोष्ट लपवायची.

कंदीलवाला

नाही, तुम्ही ते सांगत नव्हता. तुम्ही रिकामा आवाज म्हणत होता. ड्रुइडताईंच्या पाचही चिठ्ठ्या खऱ्या आहेत. चिठ्ठ्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो, कोरी चिठ्ठी मात्र अजूनही चालणार नाही.

फाशांचा_आवाज

मग याचं उत्तर द्या. रोग (Rogue, चोराचं पात्र) म्हणतो, 'पेटी तपासतो.' उघड्यावर रोल करतो, ३ पडतो. 'काही दिसत नाही' म्हटलं की उरलेले चौघं 'मी पण बघतो' म्हणत फासे उचलतात. प्रत्येकाची शक्यता ४० टक्के धरली तरी पाच जणांत एकाला तरी सापडण्याची शक्यता ९२ टक्क्यांच्या पुढे. ट्रॅप लिहूच नका मग. रोगचा रोल मी मागे टाकला असता तर 'काही दिसत नाही' या वाक्याला वजन आलं असतं. तीन पडला की अठरा, हे न कळणं हीच भीती.

कंदीलवाला

हा मुद्दा नाइलाजाने मान्य. शोधाचा निकाल लपलेलाच हवा. पण लपवलेला रोल आणि खोटा रोल हे एक नाही, हे तुम्ही अजून कबूल करत नाही.

फाशांचा_आवाज

खेळाडूच्या बाजूने दोन्हींचा आवाज सारखाच येतो. कबूल करण्यासारखं त्यात काय आहे?

नवखी_बार्ड

एक राहिलंय. सतत 'नक्की?' ऐकलेला नवा खेळाडू घाबरत नाही, गप्प होतो. पेटी उघडत नाही, वाटेत भेटलेल्याशी बोलत नाही, प्रत्येक वळणावर दुसऱ्याला पुढे करतो. चार सेशननंतर टेबलवर दोघंच बोलत असतात. टूम ऑफ हॉरर्सचा (जीवघेण्या सापळ्यांचं जुनं छापील साहस) दाखला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते १९७५च्या ओरिजिन्स या खेळांच्या मेळाव्यात स्पर्धेसाठी चालवलं गेलं आणि १९७८मध्ये छापून आलं. स्पर्धेत घड्याळ चालू असतं, पात्र मेलं तर संध्याकाळ संपते. दोन वर्षं चालणाऱ्या कॅम्पेनला (सलग कथानकाला) तो मसाला झेपत नाही. आणि त्यातला हिरव्या सैतानाचा आ वासलेला काळा जबडासुद्धा भिंतीवर समोरच आहे. आत गेलेला कायमचा नाहीसा होतो, पण जबडा लपवलेला नाही.

जुना_थीफ

मिमिकबद्दलही (पेटीचं सोंग घेणारा राक्षस) हेच. एकदा पेटीने गिळलं की पुढचं वर्षभर प्रत्येक पेटीला आधी बाण. मिमिक आधी दाखवायचा. त्याचं अंग चिकट असतं, मग त्याचा पुरावा जागेवर असायला हवा: खोलीभर बोटभर धूळ आणि पेटीवर कणही नाही, एका बाजूला उंदराची शेपटी चिकटून राहिलेली, फरशीवर ओढल्यासारखा पट्टा. तीनपैकी दोन गोष्टी वर्णनात सहज सांगायच्या, रोल न मागता. विचारलं तर तिसरी. आणि त्याच खोलीत एक साधी धुळकट पेटी ठेवा, म्हणजे फरक ओळखायला काहीतरी राहील. एसी (त्याला मार लागायला गाठायचा आकडा) १२, हिट पॉइंट (किती मार सोसतो) ५८. तिसऱ्या लेव्हलची पार्टी मारते त्याला, पण हात चिकटलेला माणूस सुटायला डीसी १३चा रोल डिसअ‍ॅडव्हांटेजने करतो, तेवढ्यात बाकीच्यांची धावपळ होते.

हिशेबनीस

ही शेपटी मंद उजेडात दिसणार का? तुमचाच नियम.

जुना_थीफ

टॉर्चचा लख्ख उजेड २० फूट, पुढचे २० मंद. पेटी पंचवीस फुटांवर असेल तर शेपटी नाही, फक्त स्वच्छ झाकण सांगायचं. जवळ गेल्यावर शेपटी. बुल्सआय कंदील असेल तर ६० फुटांपर्यंत लख्ख, पण फक्त समोरच्या कोनात. कंदील ज्याच्या हातात आहे तो कुठे बघतोय, हे दर खोलीत विचारा. हा प्रश्न मात्र रोज विचारला तरी खोटा ठरत नाही.

फाशांचा_आवाज

म्हणजे काही नसलेल्या खोलीतही विचारायचा. हेच तर मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं.

कंदीलवाला

काही नसलेल्या खोलीतही त्याचं उत्तर वापरलं जातं. कंदील उजवीकडे असेल तर डावीकडच्या कमानीचं वर्णन त्यांना मिळत नाही, आणि त्या कमानीतून परतताना त्यांना पहिल्यांदाच कळतं की तिथे जिना होता. तुमच्या मोकळ्या डी२०चं उत्तर कुठे वापरलं जातं, ते सांगा.