मोकळी तार गाते, काच सरकवली की पत्रा वाजतो. जवारीचं काय चुकतंय?

दांडीबहाद्दर:
मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरात कुणी गात-वाजवत नाही, पण डोक्यात एक वाद्य बसलंय ते बनवतोय. आडवं ठेवायचं, पडदे नाहीत, डाव्या हातात बाटलीचा कापलेला गळा धरून तारेवर सरकवायचा आणि आवाज मात्र तानपुऱ्यासारखा घुमला पाहिजे. खोका 12 एमएम प्लायचा (आजोबांच्या कपाटाचं दार, त्यांना अजून माहीत नाही), स्टीलची तार 0.3 एमएम, घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) ते अटी (दुसऱ्या टोकाची पट्टी) 90 सेंमी, सा काळी एकचा म्हणजे 138.6 हर्ट्झ. सूत्रानं ताण साडेतीन किलो येतो, स्प्रिंगकाटा लावून पाहिला तर जवळपास तेवढाच, एवढा खूष झालो म्हणून सांगू. घोडी शिसवीची, कानशीनं घासून जवारी (घोडीचा हलका उतार, त्यालाच शिवून तार झंकारते) काढली, मोकळी तार झकास बोलते. पण काच पंचमाच्या पुढे नेली की आवाज पत्र्यासारखा चिरका, आणि तारसप्तकाच्या सा ला तर मेल्यासारखा. गिटारसारखी बिनउताराची सरळ घोडी लावून टाकू का?

मिरजेचा_नातू:
घोडी सरळ केलीस तर मग बनवायचं कशाला, बाजारातून गिटारच आण की. आधी ते प्लाय काढ भावा. गिटारची तबली (वरची फळी) अडीच-तीन एमएम असते, तुझं 12 म्हणजे टेबल झालं, साडेतीन किलोच्या तारेनं ते काय हलणार. आमच्या आज्ज्याकडे (सतारमेकर, मिरज) तबली बोटानं टकटक करून ऐकत ऐकत रंधायचे, मोजपट्टी कुणी लावत नव्हतं. मिरजेचे सतारमेकर शिकलगार, म्हणजे मुळात तलवारींना धार लावणारे, कानस हातातच मुरलेली. आणि जवारी एका सुरावर काढून भागत नाही रे, सतारीचीसुद्धा पडद्यापडद्यावर ऐकून घासतात. काचेनं जमतं का म्हणशील तर विचित्र वीणा काचेच्या गोळ्यानंच वाजवतात आणि तिची घोडी रुंद, सपाटच असते. तेव्हा हार मानू नको.

फूरियरभाऊ:
तबलीचं बरोबर आहे पण तो आवाज बारीक असण्याचा प्रॉब्लेम, चिरकण्याचा वेगळा. तू काच दाबतोयस. तार 1 एमएम खाली गेली तर घोडीपासून 80 सेंमीवर कोन बदलतो 0.07 अंश, पण 30 सेंमीवर तोच 1 एमएम 0.19 अंश करतो. जवारी चालते ती तार घोडीच्या उताराला अगदी निसटती शिवत राहते म्हणून, एवढ्याशा फरकानं ती एकतर उताराला चिकटून बसते नाहीतर पार सुटते. काच जड घे आणि नुसती टेकव.

अजून एक गंमत करून बघ. मोकळी तार बरोब्बर मध्यावर छेड आणि मोबाइलवर स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झचा आवाज किती ते दाखवणारा आलेख) लाव. पुस्तकाप्रमाणे 277 हर्ट्झ दिसायलाच नको, कारण तिथं त्या कंपनाचा स्थिर बिंदू येतो. आधी घोडीवर दोरा न घालता छेड, खरंच जवळजवळ गायब असेल. मग घोडीवर तारेखाली दोरा घालून हळूहळू सरकव, एका जागी 277 आणि 554 दोन्ही उभे राहतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तानपुरा आणि वीणेबद्दल नेमकं हेच मांडलं होतं, की घोडीच्या वळणामुळे हा नियम तिथं चालत नाही.

गवार_शेंग:
माझ्यासारख्या अडाण्याला एवढंच कळलं की आजोबांचं कपाट वाया गेलं 😀

दांडीबहाद्दर:
नातूदादा, फूरियरभाऊ, लई आभार. बाटलीचा गळा टाकून खलातला छोटा बत्ता धरला (पितळी, आईला सांगू नका), वजनानंच बसतो, दाबायची गरज नाही. पंचमाचा पत्रा गेला! वरचा सा अजून अर्धवट बोलतोय. आणि मध्यावर छेडायचा प्रयोग केला, दोरा नसताना 277 ला नुसता खड्डा, दोरा सरकवत नेला तर एका जागी 277 ची रेघ एकदम वर आली आणि त्याच क्षणी कानालाही झंकार उघडल्यासारखं वाटलं, पोरं गोळा झाली खोलीत. आता तबलीसाठी पातळ लाकूड शोधतोय. 3 एमएम प्लाय चालेल का की खोका सोडून सरळ भोपळाच बघू? पंढरपूरकडे मिळतात म्हणे, पण वाळलेला चांगला कसा ओळखायचा?

मिरजेचा_नातू:
प्लाय नको. भोपळा घ्यायला एकटा जाऊ नको, जाड सालीचा म्हणून पातळ गळ्यात मारतील. दिवाळीत मी गावी आहे, मेसेज कर, बरोबर येतो.