सासूबाईंना अल्झायमर आहे, पण घरचे म्हणतात नाटक करते. कसं समजवावं?

नमस्कार. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, कराडला आमच्याकडेच असतात. गेल्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरचं निदान केलं. बी-१२, थायरॉईड, एमआरआय सगळं झालं, डोनेपेझिल चालू आहे. औषधांबद्दल प्रश्न नाही.

सकाळी पोहे खाऊन उठतात आणि थोड्या वेळाने थोरल्या दिरांना फोन लावतात, "मला अजून कुणी चहासुद्धा विचारला नाही." त्याच फोनवर डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सांगतात. पहाटेची वेळ, पाटणला माहेरच्या घराची पडलेली भिंत, अंगणात शेकोटीभोवती काढलेल्या रात्री, सगळं. मग दीर म्हणतात, भूकंप एवढा लख्ख आठवतो आणि सकाळचे पोहे आठवत नाहीत? आई नाटक तरी करते, नाहीतर तुम्ही तिला उपाशी तरी ठेवता. आता नणंदही तेच बोलायला लागल्या आहेत.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हा आजार सहसा आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला आणि त्याच्या शेजारच्या भागाला धरतो. आज घडलेलं टिपून ठेवायचं काम तिथलं. तरुणपणीच्या, पुन्हापुन्हा सांगितलेल्या आठवणी मेंदूच्या इतर भागांत पक्क्या बसलेल्या असतात, त्या बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. तपासणीत त्यांना काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. "एक फळ होतं" असा धागा दिला तरी आठवेना. नुसत्या वयाच्या विसरभोळेपणात असा धागा दिला की बहुतेकदा आठवतं. यांच्याकडे ते नीट टिपलंच गेलेलं नसतं.

मला हे पटलं. पण सुनेच्या तोंडून दिरांना पटत नाही, आणि त्याचा मला फार त्रास होतो. फोन काढून घ्यायचं जिवावर येतं, मुलाशी बोलल्यावर त्या खुलतात. फळ्यावर "नाश्ता झाला" लिहून उपयोग होतो का? की प्रत्येक वेळी "अहो, तुम्ही खाल्लंत" असं सांगत राहू?

प्रतिसाद

ताई, माझ्या वडिलांना हाच आजार होता. "तुम्ही खाल्लंत" हे सांगणं सोडा. त्यांच्या लेखी ते घडलेलंच नाही, त्यामुळे त्यांना तुम्ही खोटं बोलताय असं वाटतं. सरळ अर्धा कप चहा आणि एक बिस्कीट द्या. आम्ही खरकटी ताटली तासभर समोरच ठेवायचो, त्याचा फळ्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

आणखी एक. आयोवा विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं ते विसरल्यावरही त्यांच्या मनातली भावना मागे राहिली होती. सासूबाई वाद विसरतील, पण त्याची घालमेल राहील. म्हणून फोन काढून घेऊ नका.

दिरांना पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर बसवा आणि ती शब्दांची चाचणी त्यांच्यादेखत घ्यायची विनंती करा. आमच्या आत्याला त्याशिवाय पटलं नव्हतं. जमलं तर सासूबाईंना आठवडाभर त्यांच्याकडे पाठवू नका, नवी जागा त्यांना झेपणार नाही. दिरांनाच तुमच्याकडे येऊन राहायला सांगा.