नाशिकच्या मुलांना जेंबे आणि आफ्रिकी ताल शिकवायचे आहेत, सुरुवात कशी करू?

सिडकोची ताई

नमस्कार मंडळी. सिडकोत माझी संध्याकाळची अभ्यासिका आहे. आठवी ते बारावीची मुलं येतात. बहुतेकांचे आईवडील अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळ्या करतात. गणपतीच्या आधी यातली बरीच मुलं ढोल पथकाच्या सरावाला जातात आणि तेवढ्या दिवसांत त्यांचं रूपच पालटतं. वर्गात मान वर न करणारा मुलगा तिथे कमरेला ढोल बांधून ताठ उभा असतो, वेळेवर येतो, धाकट्यांना सांभाळून घेतो. विसर्जन झालं की ढोल खोलीत बंद होतात आणि पोरं पुन्हा मोबाइलमध्ये.

यंदा त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या जेंबेवादकांचे (जेंबे म्हणजे हातांनी वाजवायचा ढोल) व्हिडिओ पाहिले आणि अभ्यासिकेचे बाक बडवायला सुरुवात केली. मी ओरडले नाही. ऐकत राहिले, कारण त्यात खरंच काहीतरी होतं. आता दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासाठी कार्यशाळा घ्यायचा विचार आहे.

कार्यक्रम बसवून देणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, "आफ्रिकन थीम करू. गवताचे घागरे, तोंडाला काळा रंग, डोक्यात पिसं." मी तिथेच नकार दिला. ज्यांचा ताल घ्यायचा त्यांचीच सोंगं काढायची, हे मला मुलांना शिकवायचं नाही. ताल शिकताना तो वाजवणारी माणसं कोण, ती कशासाठी वाजवतात, हेही मुलांना कळलं पाहिजे. नाहीतर नुसता गोंगाट होईल.

पालकांचा प्रश्न वेगळा आहे: "आपलं लेझीम-ढोल असताना हे कशाला?" आणि दोन मुलींच्या आयांना तर मुलींनी वाद्य वाजवणंच पसंत नाही. पैसे बेताचे आहेत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तालवेडा, गंगापूर रोड

ताई, जेंबे विकत घ्यायची घाई करू नका. आधी हात तयार करा. मुख्य आघात तीन. पानाच्या, म्हणजे ताणलेल्या कातड्याच्या मधोमध पूर्ण तळवा पडला की बास. काठावर बोटं जुळवून मारलं की टोन. तिथेच बोटं सैल सोडली की स्लॅप, तो कडक आणि उंच वाजतो. टिपरूची सवय असलेली मुलं सुरुवातीला फार जोर लावतात, हात लाल करून घेतात. हात पानावर दाबून ठेवायचा नाही, पडला की लगेच उचलायचा, हे एवढं बसायला वेळ लागतो. तोवर पाण्याचे रिकामे जार, पत्र्याचे डबे चालतात.

आता खरी गोष्ट. आपल्या पथकात चाळीस ढोलांची थाप एकाच वेळी पडते, मजा त्यातच असते. गिनी-मालीकडच्या मलिंके लोकांच्या वादनात जेंबेबरोबर दुनदुन नावाचे तीन ढोल असतात: मोठा दुनदुनबा, मधला सांगबान आणि लहान केनकेनी. प्रत्येकाचा तुकडा वेगळा आणि छोटा. ते एकमेकांत गुंतले की ताल उभा राहतो. शेजारी दुसरंच वाजवतोय, त्याला ऐकायचं आणि आपलं सोडायचं नाही. आठवीतल्या मुलासाठी हे मोठं शिक्षण आहे. सगळ्यात बुजऱ्या मुलाला केनकेनी द्या. तुकडा सोपा असतो, पण तो चुकला की सगळे चुकतात. आपल्यावाचून अडतंय हे त्या पोराला कळतं, तेव्हा त्याच्याकडे बघा.

सुरुवात 'कासा' या तालाने करा. तो शेतकऱ्यांचा ताल. माणसं शेतात राबत असतात आणि वादक तिथेच वाजवून त्यांना हुरूप देतात. कांदा लागवडीला गेलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. नामवंत जेंबेवादक ममादी केइता यांची माहितीही मुलांना द्या. गिनीतल्या खेड्यातला मुलगा, 1964 साली चौदाव्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय पथकात निवडला गेला. पुढे 1991 मध्ये ब्रुसेल्सला त्यांनी स्वतःची शाळा काढली. 2021 मध्ये ते गेले.

पैसे अगदीच नसतील तर गमबूट नृत्य घ्या. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या मजुरांनी ते घडवलं. खाणीत पाणी साचायचं म्हणून मजुरांना रबरी बूट मिळत. ते बूट आपटून, त्यांवर थापा मारून त्यांनी आपला ताल उभा केला. तुमच्या मुलांच्या घरात वडिलांचे जुने सेफ्टी शूज असतीलच.

शरणपूर रोडकर

"हे कशाला?" असं विचारणाऱ्या पालकांना माझ्याकडे पाठवा. आफ्रिकेशी नाशिकचं नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे आणि ते तुमच्या मुलांच्या वयाच्या मुलांनीच जोडलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली जाणारी मुलं ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गलबतांवरून सोडवली. त्यातली काही मुंबईला उतरली आणि तिथून नाशिकला, शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात आली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकीसारखे हुन्नर शिकली. 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन हा ब्रिटिश मिशनरी आणि शोधप्रवासी आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण त्याच्याबरोबर होते.

जेकब वेनराइट हा इथेच शिकलेला मुलगा, मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. तो पुढे 1872 मध्ये त्या मोहिमेत गेला. 1873 मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख त्यानेच कोरली. मग त्या साथीदारांनी मृतदेह महिनोन् महिने पायी वाहून आजच्या टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. तिथून पेटीबरोबर इंग्लंडला गेला तो जेकब. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये शवपेटीला मान देणाऱ्यांत तो उभा होता. त्याने रोजनिशीही लिहून ठेवली आहे.

पुढे नाशिकच्या या आफ्रिकी मंडळींपैकी अनेक जण आजच्या केनियातल्या मोम्बासाजवळ फ्रेअरटाउनला वसले. गुलामीतून सुटलेल्यांची ती वसाहत, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाची.

आपण रोज शरणपूर रोडवरून जातो आणि शाळेत यातलं एक अक्षर शिकवलं जात नाही, याची मला मनापासून खंत आहे. घर तुटलेली, भाषा तुटलेली मुलं या गावात वाढली आणि एवढं करून गेली. तुमच्या कार्यशाळेत जेंबेच्या आधी ही गोष्ट सांगा. मी येऊन सांगायला तयार आहे.

सुरगाण्याचा, सध्या नाशिकला हॉस्टेलवर

मी कॉलेजात एका शिबिरात जेंबे शिकलो. शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, तुमच्या गावात काय वाजतं? मी गप्प. आमच्याकडे पावरी हे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य वाजते, माझे आजोबा वाजवायचे. शहरात आल्यापासून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, हसतील म्हणून. त्या दिवशी सांगितलं. पुढच्या सुट्टीत गावाहून पावरी घेऊन आलो आणि सगळे गोल करून नाचले. ताई, तुमच्या अभ्यासिकेत पेठ-सुरगाण्याची मुलं असतील तर त्यांनाही हा प्रश्न नक्की विचारा. लांबच्या माणसांच्या वाद्याला एवढा मान मिळतो हे पाहिलं, म्हणून माझं तोंड उघडलं.

पथकातली

मुलींच्या आयांसाठी: ब्राझीलमधल्या सॅल्व्हादोर शहरात गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज मोठ्या संख्येने राहतात. तिथे 1979 मध्ये ओलोदुम हे ढोलांचं पथक उभं राहिलं. नंतर त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी शाळाही काढली. त्यांच्याच तालप्रमुखाने 1993 मध्ये 'दिदा' हे फक्त स्त्रियांचं पथक काढलं. त्यांचे व्हिडिओ आयांना दाखवा. मीही येते, माझी आई पण येईल. तिनेही आधी नाहीच म्हटलं होतं.

अंकलेश्वरहून

सिद्दी लोकांना, म्हणजे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना विसरू नका. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बाबा गोरचा दर्गा आहे, तिथे सिद्दींची 'धमाल', म्हणजे ढोलावरचं गाणं-नाच होतो. मुगरमान हा उभा ढोल आणि मलुंगा हे धनुष्यासारखं तारेचं वाद्य त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलंय. गीरमधल्या जांबूरलाही त्यांची वस्ती आहे. बोलावलंत तर पाहुणे म्हणून बोलावा, मानधन आधी ठरवा आणि मुलांना त्यांच्याशी बोलायला निवांत वेळ द्या. लोक त्यांना नाचायला लावून फोटो काढतात आणि वाटेला लावतात. तसं होऊ देऊ नका.

सिडकोची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. शरणपूर रोडकर काका, तुमचा मजकूर काल अभ्यासिकेत मोठ्याने वाचला. नववीतल्या एका मुलाने विचारलं, "जेकबला आई भेटली का पुन्हा?" मला उत्तर देता आलं नाही. पोरं आता स्वतःच त्याच्यावर छोटं नाटक लिहायला बसली आहेत.

मग असं ठरवते. आधी काकांची गोष्ट, पालकांसकट. मग जार आणि डबे घेऊन कासा, मुलांना जमतील तसे एकेक तुकडे. बूट जमवायला सुरुवात झाली आहे. शेवटच्या दिवशी सुरगाण्याच्या दादाची पावरी हवीच. रतनपूरच्या मंडळींना बोलवायला वर्गणी काढावी लागेल, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत करू. घाईत बोलावून त्यांचा अवमान नको.

तालवेडा, तिन्ही तुकडे रेकॉर्ड करून पाठवाल का? वेगवेगळे पाठवा आणि एकदा एकत्रही. केनकेनी कुणाला द्यायचा ते मी ठरवलंय.