सरसकट सगळ्या अँटिबायोटिक्सना घाबरू नका

‘अँटिबायोटिकने बहिरेपण येतं, म्हणून आता कुठलंच घेणार नाही,’ असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, भीती निराधार नाही, पण ती सगळ्या औषधांवर लादू नका. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांनी सहसा कान जात नाहीत. मुख्य धोका अमायनोग्लायकोसाइड गटाचा: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन. ही बहुतेक वेळा इंजेक्शनातून देतात. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी त्यांनी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे बोलणं नीट ऐकू येत असतानाच नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून लांबलचक कोर्स असेल तर सुरुवातीलाच ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, मधेही करा. कानात गुंई आवाज येऊ लागला किंवा तोल जाऊ लागला, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना पूर्वी कित्येक महिने कॅनामायसिन टोचत. जीव वाचला पण कान गेले, असं अनेकांचं झालं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नये असं सांगितलं, बेडाक्विलिनच्या गोळ्यांना प्राधान्य मिळालं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आणखी एक. आईकडच्या नात्यात कुणाचे कान अशा इंजेक्शनानंतर गेले असतील, तर ते आवर्जून सांगा; आईकडून येणाऱ्या एका जनुकीय दोषात धोका खूप वाढतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर तेही सांगा. पण रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असताना डॉक्टर अमिकासिन म्हणाले, तर कृपया अडवू नका.